सिझरनंतरचा तिसरा दिवस : अंगावरचे दूध पुरत नाही असे वाटते, काय करावे?

जुळे सोलापूरची लेक (प्रश्न)

नमस्कार. माझी पहिलीच प्रसूती सिझरने झाली असून आज तिसरा दिवस आहे. मुलगी पूर्ण दिवसांची आहे. जन्माच्या वेळी तिचे वजन २.८ किलो होते, आज सकाळी ते २.६२ किलो भरले. शस्त्रक्रियेनंतर मला खोलीत आणेपर्यंत तिला बाटलीने पावडरचे दूध पाजून झाले होते आणि त्यानंतरही रात्री ती रडू लागली की डबा उघडला जातो. दिवसा मी तिला अंगावर घेते, पण ती थोडा वेळ चोखते आणि तशीच झोपी जाते. डाव्या बाजूचे बोंड आत ओढलेले असल्यामुळे तिथे तिला नीट धरताच येत नाही आणि ती चिडून मान फिरवते. उजव्या बाजूला भेगा पडल्या आहेत आणि ती तोंड लावते तेव्हा डोळ्यांत पाणी येते. दाबून पाहिले तर पिवळसर, चिकट असे काही थेंब येतात, त्याहून अधिक काही दिसत नाही.

उद्या घरी सोडणार आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे की बाळ उपाशी राहण्यापेक्षा वरचे दूध दिलेले बरे. माझी आई म्हणते की पान्हा उशिरा फुटतो, धीर धर. मावशींना वाटते की पारा ४२ च्या पुढे गेला असताना बाळाचा घसा कोरडा पडेल, म्हणून उकळून गार केलेले पाणी चमचाभर द्यावे. सगळे काळजीपोटीच बोलतात हे मला कळते आणि कोणाचेही मन मला दुखवायचे नाही, पण कोणाचे ऐकावे हे ठरवता येत नाही. माझे दूध खरोखरच कमी आहे की हे असेच असते? बाळाचे पोट भरते आहे हे कशावरून ओळखावे? आणि सुरू झालेले पावडरचे दूध आता बंद करता येते का? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

भवानी पेठेतून

ताई, प्रथम तुमचे आणि लेकीचे स्वागत. माझेही पहिले बाळंतपण सिझरचे होते, म्हणून टाक्यांवर भार न येऊ देता बाळाला कसे घ्यावे एवढेच मी लिहिते. दुधाविषयी जाणकार मंडळी सांगतीलच.

मांडीवर आडवे घेऊन पाजण्याची पद्धत सगळे दाखवतात, पण तिच्यात बाळाचे पाय नेमके टाक्यांवर येतात, मग आपण अंग चोरून बसतो आणि बाळाची पकड सुटते. त्याऐवजी पलंगावर पाठीला टेकू घेऊन बसा. ज्या बाजूने पाजायचे त्या बाजूला आपली सोलापुरी चादर चौपदरी घडी करून ठेवा आणि उंची कमी पडली तर तिच्यावर एक-दोन टॉवेल ठेवा. बाळाचे अंग तुमच्या काखेखालून पाठीकडे जाईल आणि मान तुमच्या तळहातावर राहील असे तिला त्या घडीवर ठेवा. आधार इतका उंच हवा की तिचे तोंड आपोआप छातीच्या पातळीला येईल आणि तुम्हाला पुढे वाकावे लागणार नाही. रात्री बसवत नसेल तेव्हा कुशीवर निजून, बाळालाही कुशीवर तुमच्याकडे तोंड करून पाजता येते. मात्र पाजून झाले की कोणीतरी तिला उचलून शेजारी पाठीवर निजवावे, कारण गुंगीच्या औषधांमुळे आणि जागरणामुळे आपल्याला केव्हा झोप लागते हे कळत नाही.

दुसरी गोष्ट त्या रात्रीच्या रडण्याविषयी. पहिला दिवस बाळ बहुधा झोपून काढते आणि दुसऱ्या रात्री मात्र सोडायला तयार नसते. पाजले, खाली ठेवले की पुन्हा रडते, पुन्हा चोखते. घरातल्या सगळ्यांना त्याच रात्री खात्री पटते की आईला दूध नाही, आणि डबा त्याच रात्री घरात येतो. वास्तविक त्या सततच्या चोखण्यानेच दूध उतरायला लागते. ही गोष्ट सासूबाईंना कोणीतरी मोठ्या माणसाने किंवा तपासायला येणाऱ्या डॉक्टरांनी समजावून सांगितली तर तुम्हाला वाद घालावा लागणार नाही. तुम्ही आता अशक्त आहात, वादाची शक्ती पाजण्यासाठी राखून ठेवा.

निवृत्त परिचारिका, होटगी रोड

माझी सगळी नोकरी प्रसूती कक्षात गेली, त्यामुळे थोडे लांबवून लिहिते आहे.

आधी वजनाचा विचार करू. तुमच्या लेकीचे १८० ग्रॅम कमी झाले, म्हणजे साधारण साडेसहा टक्के. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन सात टक्क्यांपर्यंत उतरणे सर्रास दिसते. दहा टक्क्यांच्या जवळ जाऊ लागले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांनी बाळाला तपासून निर्णय घ्यायला हवा. सिझरमध्ये आईला सलाईन बरेच दिलेले असते, त्याचे पाणी बाळाच्याही अंगात जाते आणि जन्माचे वजन थोडे चढलेले दिसते, म्हणून पहिल्या दिवशीची घट याहूनही जास्त भासू शकते. दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्माच्या वजनावर परत येते. आजच्या आकड्यावरून बाळ उपाशी आहे असे म्हणता येणार नाही, परंतु वजन दोन दिवसांनी पुन्हा, शक्यतो त्याच काट्यावर, पाहिले पाहिजे.

आता त्या पिवळ्या थेंबांविषयी. त्यालाच आपण चीक म्हणतो आणि तो थेंबांनीच येतो. पहिल्या दिवशी बाळ एका वेळेला जेमतेम ५ ते ७ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचाभर घेते. तिसऱ्या दिवशी ते १५ ते ३० मिलिलिटरपर्यंत जाते. बाटलीतून एका दमात तीस-चाळीस मिलिलिटर पाजून बाळ गाढ झोपले की घरच्यांना समाधान वाटते, पण त्या लहानशा पोटाला ते फार होते, आणि पुढच्या वेळेला ते अंगावर यायला भुकेलेले नसते. चिकात संसर्गाशी लढणारी प्रथिने भरपूर असतात आणि त्याने बाळाची पहिली काळी शी लवकर बाहेर पडते, त्यामुळे कावीळ वाढायलाही थोडा आळा बसतो.

भरपूर दूध उतरते ते वार पडल्यानंतर आईच्या शरीरातले प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक खाली येते तेव्हा, साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. पहिलटकरणीला आणि सिझर झालेल्या आईला एखादा दिवस उशीर होतो. तिथून पुढे मात्र सगळे दूध किती निघते यावर अवलंबून असते. छातीत दूध साठून राहिले की शरीर ते करणे कमी करते, रिकामे होत गेले की वाढवते. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन रात्री अधिक असते. म्हणून रात्रीची पाळी बाटलीला देणे मला सर्वांत नुकसानीचे वाटते. आईला झोप मिळावी हा त्यामागचा हेतू चांगला असतो, पण ती झोप दिवसा द्यावी : बाळाचे लंगोट बदलणे, ढेकर काढणे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाहणे ही कामे इतरांनी घ्यावीत.

भेगा पडल्या आहेत याचा अर्थ बाळ फक्त बोंड चोखते आहे. दूध बोंडात नसते, त्यामागे असते, म्हणून भोवतीचा काळसर भागही तिच्या तोंडात गेला पाहिजे. बाळाचे कान, खांदा आणि कंबर एका रेषेत ठेवा, तिचे पोट तुमच्या अंगाला लागलेले असू द्या आणि तिचे नाक बोंडासमोर आणा. बोंड तिच्या वरच्या ओठाला हलकेच लावा आणि जांभई दिल्यासारखे तोंड मोठे उघडेपर्यंत थांबा. उघडले की बाळाला पटकन छातीकडे आणा, हनुवटी आधी टेकली पाहिजे. आपण छाती बाळाकडे नेऊ नये, आणि डोके मागून दाबूही नये, कारण दाबले की बाळ उलट मागे जोर करते. नीट धरले असेल तर खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, गाल खोलगट पडत नाहीत आणि चोखण्याच्या मधून गिळल्याचा बारीक आवाज येतो. सुरुवातीचे काही क्षण दुखून नंतर थांबले तर ठीक. दुखतच राहिले तर सहन करत बसू नका, तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. भेगांवर पाजून झाल्यावर स्वतःचे दोन थेंब दूध लावून वाळू द्या, साबण लावू नका.

डाव्या बाजूचे आत ओढलेले बोंड पाहून घाबरू नका, कारण बाळ भोवतीच्या भागासकट धरते. पाजण्याआधी त्या बाजूला अंगठा आणि बोटे इंग्रजी सी अक्षरासारखी, बोंडापासून दोन बोटे मागे ठेवा, आधी छातीकडे आत दाबा, मग एकमेकांकडे दाबा आणि सोडा. त्वचेवरून बोटे घासू नका. थोडा चीक बाहेर आला की भाग मऊ होतो आणि त्या चवीने बाळही तोंड उघडते. तरीही तिने धरले नाही तर त्या बाजूचा चीक असाच स्वच्छ स्टीलच्या वाटीत काढून चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा.

झोपाळू बाळाला कपडे काढून, फक्त लंगोटावर, तुमच्या उघड्या छातीवर पालथे ठेवा आणि वरून पातळ सुती कापड घाला. तुम्ही टेकून आणि जाग्या असाल, तिचे तोंड-नाक मोकळे दिसत असेल, एवढे पाहा. पाजता पाजता ती थांबली तर छाती हाताने हलकेच दाबून धरा, दूध येते आणि ती पुन्हा गिळू लागते. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणे झाले पाहिजे आणि सध्या तीन तासांपेक्षा मोठे अंतर पडू देऊ नका.

पोट भरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नका, लंगोटावरून ठरवा. दुसऱ्या दिवशी निदान दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा आणि पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी झाली पाहिजे. शी काळ्यावरून हिरवट होऊन पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हावी. डायपरमध्ये थोडी लघवी कळत नाही, म्हणून हे दिवस सुती लंगोटच वापरा. विटकरी रंगाचा डाग पहिल्या एक-दोन दिवसांत दिसला तर चालतो, त्यानंतर दिसला तर दूध कमी पडते आहे असे समजून दाखवायला न्या.

बाळ उठवूनही पाजायला जागे होत नसेल, सहा-आठ तास लघवी नसेल, अंग तापलेले किंवा गार पडलेले असेल, श्वास मिनिटाला ६० हून अधिक चालत असेल, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला असेल, तर इथे विचारत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा.

आशा स्वयंसेविका, कुंभारी परिसर

परिचारिकाताईंनी लिहिले त्यात आमच्या भागातल्या अनुभवाची थोडी भर घालते.

पाण्याविषयी मावशींची काळजी मी दर उन्हाळ्यात घरोघरी ऐकते. आईच्या दुधात साधारण ८७-८८ टक्के पाणीच असते, त्यामुळे सहा महिन्यांपर्यंत बाळाला, सोलापूरच्या वैशाखातसुद्धा, वेगळे पाणी लागत नाही. पाण्याने पोट भरते, पोषण मिळत नाही, बाळ अंगावर कमी येते आणि दूध कमी होते. तहान लागते आईला. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे असे आमच्याकडे अजून सांगतात, ते चुकीचे आहे. पाजायला बसताना तांब्या-भांडे हाताशी ठेवा आणि तहान लागेल तेवढे प्या. या उन्हात बंद खोलीत शेगडी ठेवून शेक देणे आणि बाळाला टोपडे, मोजे, दोन दुपटी गुंडाळणे यानेही बाळ मलूल होते, आणि मलूल बाळ ओढत नाही. पंखा लावा, झोत सरळ अंगावर येऊ देऊ नका.

दुसरे, आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि ते आपण पिंपात, टाकीत साठवून वापरतो. बाटली, बूच, चमचा दर वेळेला उकळायचा आणि पावडर किमान ७० अंश तापमानाच्या पाण्यात कालवून, गार करून लगेच पाजायची, हे दिवसातून आठ वेळा मध्यरात्रीसुद्धा तंतोतंत पाळणे किती घरांना जमते? जुलाब झालेली जी तान्ही बाळे मी पाहते, त्यांच्या घरात बहुतेक वेळा बाटली असते. डॉक्टरांनी कारण सांगून वरचे दूध लिहून दिले असेल तर ते जरूर द्या, पण वाटी-चमच्याने द्या. वाटी घासायला सोपी असते आणि बाळाला बाटलीच्या बुचाची सवय लागत नाही.

विड्या वळणाऱ्या घरातल्या बायांनाही सांगते की पाजण्याआधी हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, साडीवर तंबाखूची भुकटी असेल तर पदर बदला आणि सूप बाळाच्या खोलीत ठेवू नका.

दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाळासाठी आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यावे अशी योजना आहे. सिझर असेल तर घरी आल्यापासूनच्या भेटी होतात. तुमच्या वस्तीत आशा असेल तर तिला निरोप द्या, ती वजनही करते आणि पाजताना समोर बसून पाहते. लिहिलेले वाचण्यापेक्षा कोणी समोर बसून पाहिले तर पकड लवकर सुधारते.

बाळीवेस

मी वयाने मोठी आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. आमच्या वेळी चीक पिळून टाकत असत आणि बाळाला गुळाचे पाणी देत असत. ते आता कोणी करत नाही हे फार चांगले झाले. परंतु पाचवीच्या दिवशी मधाचे बोट आणि सहाणेवर उगाळलेली गुटी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. सासूबाईंनी आग्रह धरला तर एवढ्यापुरते मोडू नये, असे मला वाटते. आहाराचे म्हणाल तर अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी आणि बाळंतशेपा जरूर घ्याव्यात.

निवृत्त परिचारिका, होटगी रोड

आजी, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहिते. मधाबाबत मात्र सवलत देता येणार नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या पोटात ते निरुपद्रवी राहतात, पण एक वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. असे क्वचितच होते, परंतु झाले तर बाळाचा श्वासही धोक्यात येतो. गुटीतली मुळे कोणत्या पाण्यात उगाळली, सहाण किती स्वच्छ, हेही पाहावे लागते. पाचवीची पूजा यथासांग करावी, सहाण-गुटी देवीपुढे ठेवावी आणि बाळाला आईचेच दूध द्यावे, असे मी अनेक घरांत सुचवले आहे आणि आज्यांनी ते मानलेही आहे. अळीव, डिंक, मेथी आईने आनंदाने खावे, त्याने ताकद येते. मात्र खीर खाल्ली म्हणून दूध उतरेल या भरवशावर पाजणे कमी करू नये. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगाचटणी, दूध असे घरचे पोटभर जेवण पुरेसे आहे.

जुळे सोलापूरची लेक

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही घरी आलो. काखेखालून धरल्यावर उजव्या बाजूचे दुखणे बरेच कमी झाले आणि गिळल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. सासूबाईंना परिचारिकाताईंचे उत्तर वाचून दाखवले, तेव्हापासून त्याच लंगोट मोजून कॅलेंडरवर खुणा करत आहेत. पण आज पहाटेपासून दोन्ही बाजू दगडासारख्या घट्ट झाल्या आहेत, काखेपर्यंत ठणकते आणि बाळाला तोंडात धरताच येत नाही. शिवाय पावडरचे दूध रात्री दोन वेळा अजून चालू आहे. दवाखान्यातून निघताना एक डबा मोफत हातात दिला होता, तोच वापरतो आहोत. ते एकदम बंद करावे का?

निवृत्त परिचारिका, होटगी रोड

तुमचे दूध उतरले आहे, ही त्याचीच खूण आहे. दुधाबरोबर त्या भागात रक्त आणि पाणीही दाटते, म्हणून इतके घट्ट लागते. बहुधा एक-दोन दिवसांत उतार पडतो. पाजण्याआधी दोन्ही हातांच्या बोटांची टोके बोंडाभोवती कड्यासारखी ठेवून छातीकडे सावकाश, मिनिटभर दाबून धरा. सूज मागे सरते, काळसर भाग मऊ होतो आणि बाळाला धरता येतो. तेवढ्याने जमले नाही तर हाताने थोडे दूध काढून मग लावा. पाजून झाल्यावर गार पाण्यात पिळलेला पंचा दहा-पंधरा मिनिटे ठेवा. जोरजोराने चोळू नका, त्याने सूज वाढते. एखादा भाग लाल, गरम होऊन थंडी-ताप आला तर डॉक्टरांना दाखवा, पण त्या बाजूने पाजणे थांबवू नका. ज्या गोळ्या लिहून दिल्या असतील त्या बहुतेक पाजत असताना चालतात, तरी पाजत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मोफत डब्याविषयी मला राहवत नाही म्हणून लिहिते. आपल्या देशात शिशु दुग्ध पर्याय कायदा १९९२ पासून आहे आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. मातांना अशा डब्यांचे नमुने फुकट देणे त्याने निषिद्ध केले आहे, आणि आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम असल्याची सूचना डब्यावर छापणे बंधनकारक आहे. आईच्या हातात असा डबा पडतो तेव्हा तिचा स्वतःवरचा विश्वास तिथेच अर्धा होतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की याबाबत गप्प राहणे मला योग्य वाटत नाही.

पावडर बंद करण्यासाठी आजचे वजन आणि लंगोटाच्या खुणा आधी पाहा. वजन थांबले किंवा वाढू लागले असेल, लघवी सहा वेळा होत असेल आणि शी पिवळी झाली असेल, तर बाळाच्या डॉक्टरांना विचारून रात्रीच्या दोनपैकी एक वेळ आजच गाळा आणि त्या वेळेला दोन्ही बाजूंनी पाजा. दुसरी वेळ उद्या वजन पाहून गाळता येईल. ती चालू असेपर्यंत त्या वेळेला हाताने दूध काढा आणि आधी तेच वाटी-चमच्याने द्या, उरलेली भूक असेल तेवढ्यापुरतीच पावडर. काढलेले दूध या उन्हात बाहेर ठेवू नका, लगेच पाजा किंवा झाकून फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवा. वजन अजून उतरत असेल तर पावडर स्वतःच्या मनाने बंद न करता आधी बाळाला दाखवा. आणि सहाव्या दिवसापर्यंतही छाती हलकीच राहिली असती तर वारेचा तुकडा आत राहिला आहे का, थायरॉईड आहे का, हे तपासायला सांगितले असते, तुमच्या बाबतीत तो प्रश्न उरलेला नाही. डाव्या बाजूला ती आता धरते का, तेवढे कळवा.